चालायला लागलेल्या पोरांची खेळणी आणि सामान: काय घ्यायचं, काय सोडायचं

मूल चालायला लागलं की घरात दोन गोष्टी एकदम वाढतात, पसारा आणि सल्ले. येणारा प्रत्येक पाहुणा एक मोठा बॉक्स घेऊन येतो, त्यात काहीतरी लाइट लागणारं, गाणं म्हणणारं असतं, नव्याचे नऊ दिवस संपले की ते सोफ्याखाली जातं आणि बाळराजे परत आपले डब्यांच्या झाकणांशी खेळत बसतात. दोन पोरं या वयातून पार पडल्यावर माझं मत पक्कं झालंय, खेळणं जितकं कमी करतं तितकं मूल जास्त करतं. सामानाचं मात्र उलट, त्याने तुमचं काम कमी केलंच पाहिजे नाहीतर ते घरात नको. साधारण १ ते ३ वर्षांच्या पोरांसाठीचं हे सगळं पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी क्रमाने लिहितेय.

पायरी १: आधी चारपाच दिवस नुसतं बघा

काहीही ऑर्डर करायच्या आधी पोरगं दिवसभर काय करतंय ते बघा. या वयात प्रत्येकाला कुठली ना कुठली खोड लागलेली असते आणि ती त्याच वेळी इतकी जोरात असते की आपल्या नाकी नऊ येतात. कुणी हातातली प्रत्येक वस्तू फेकतं, कुणी पिशवी भरतं रिकामी करतं परत भरतं, कुणी खुर्ची ढकलत घरभर फिरतं, कुणी सगळ्या चपला रांगेत लावतं, कुणी फक्त झाकणं उघडतं. हे वेडेपणाचं दिसतं पण मुलाचा अभ्यास तोच आहे, वस्तू पडते कशी, मावते कशी, दिसेनाशी होते आणि परत येते कशी.

तर खेळणं त्या खोडीला धरून घ्यायचं. फेकणाऱ्याला मऊ चेंडू आणि दाणे भरलेल्या कापडी पिशव्या (शिवण डबल हवी, दाणे बाहेर येता कामा नयेत) आणि समोर एक टोपली. 'फेकू नको' म्हणून फेकणं थांबत नाही, पण 'हे फेक, तिकडे फेक' म्हटलं की रिमोट वाचतो. भरणाऱ्याला एकात एक बसणारे कप आणि एखादी जुनी पर्स. ढकलणाऱ्याला ढकलगाडी. रांगा लावणाऱ्याला मोठे प्लास्टिकचे प्राणी. चढणाऱ्याला जमिनीवर टाकलेल्या गाद्या आणि उशा, आणि चढणारं असेल तर आजच्या आज कपाट आणि ड्रॉवरचं टेबल भिंतीला पट्टीने बांधून टाका, कारण ड्रॉवर उघडले की त्यांची जिन्यासारखी पायरी होते आणि अख्खं कपाट अंगावर येतं. टीव्हीपण तसाच. खेळण्यांच्या आधी हा खर्च.

पायरी २: घशात अडकेल का ते तपासा

तीन वर्षांखालचं मूल म्हणजे हाताला येईल ते तोंडात. यासाठी एक सोपी टेस्ट आहे, टॉयलेट पेपर संपल्यावर आतली जी पुठ्ठ्याची नळी राहते ती ठेवून द्या. जे खेळणं किंवा खेळण्याचा सुटा भाग त्या नळीतून आरपार जातो तो या वयाला नको. खेळण्यांच्या तपासणीत जे नळकांडं वापरतात ते साधारण ३१.७ मिमी रुंद असतं, पुठ्ठ्याची नळी त्याहून जरा रुंद असते, म्हणजे घरची टेस्ट थोडी जास्तच कडक होते आणि ते चांगलंच आहे. चेंडू मात्र त्याहूनही मोठा हवा, गोल वस्तू घशात बुचासारखी बसते म्हणून अमेरिकेतल्या नियमात तीन वर्षांखालच्या मुलांचा चेंडू ४४.४ मिमीहून मोठा लागतो. मी म्हणते मुलाच्या दोन्ही हातांत मिळून मावेल एवढा घ्या, पकडायलापण तोच सोपा.

बॉक्सवर ०-३ लिहिलेला आणि आडवी रेघ मारलेला रडका चेहरा दिसतो ना, त्याचा अर्थ तीन वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. बऱ्याच जणांना वाटतं वयाचा आकडा म्हणजे हुशारीचा आकडा, 'आमचा फार चलाख आहे, त्याला पाच प्लसचंच लागतं'. चलाख असला तरी घसा दोन वर्षांचाच आहे.

आता चार गोष्टी ज्यांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

बटण बॅटरी. ती चपटी, नाण्यासारखी. सीआर २०३२ हे नाव त्यावर दिसेल, २० म्हणजे २० मिमी रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिमी जाडी. ही रुंदी नेमकी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्याएवढी आहे, आणि अडकली की लाळेमुळे करंट सुरू होऊन आतली कातडी भाजते, दोन तासांतसुद्धा गंभीर जखम होऊ शकते. संपलेली बॅटरीपण धोक्याचीच, घड्याळ चालवायला पुरत नसली तरी भाजायला पुरते. म्हणून खेळण्याचा बॅटरीचा कप्पा उलटा करून बघा, स्क्रू आहे का, आणि नखाने खरवडून झाकण हलतंय का. खेळणी तरी बरी असतात, खरा घोळ बाकीच्या घरात असतो, छोटे रिमोट, वजनकाटा, कानात घालायचा थर्मामीटर, गाणं वाजणारं ग्रीटिंग कार्ड, बॅटरीवर चकाकणाऱ्या मेणबत्त्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला.

बारीक ताकदवान मॅग्नेट. एक गिळला तर एकवेळ निघून जाईल पण दोन गिळले की आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधे आतडं चिमटतं, भोक पडतं. मॅग्नेटचे ठोकळे घ्यायचे तर मोठे आणि चांगले सीलबंद घ्या, आणि एकाला जरी तडा गेला तरी अख्खा तुकडा कचऱ्यात.

पाण्यात फुगणारे मणी. कोरडे असताना दाण्याएवढे, पोटात गेले की तिथेही फुगतात, आतडं बंद करतात. 'सेन्सरी प्ले' (हात लावून, बघून अनुभवायचा खेळ) म्हणून व्हिडिओत छान दिसतात. नको.

आणि फुगे. फुगवलेला फुगा मजेचा, पण फुटलेल्याचा तुकडा घशावर चिकटून बसला की काढणं मुश्कील. फुटला की आधी तुकडे गोळा करायचे, मग रडणाऱ्याला उचलायचं.

ओढायच्या खेळण्याची दोरी वीतभराहून लांब असेल तर कापून टाका, गळ्याभोवती गुंडाळली जाते.

पायरी ३: पायाभूत खेळणी, ही असली की बाकी नसली तरी चालतं

पहिला नंबर ठोकळे. यावर मी तासभर बोलू शकते. साधे लाकडी ठोकळे, रंगवलेले नसले तरी चालतील, पण एक अट, मापं एकमेकांशी जुळायला हवीत, म्हणजे दोन लहान मिळून एक मोठा. मग मूल न शिकवता शोधून काढतं की दोन हे ठेवले की एक तो होतो. पहिल्यांदा ते बांधणार नाहीत, फक्त पाडतील. तुम्ही चार रचा, ते पाडेल, हसेल, परत रचा. मग साधारण दीड वर्षाच्या आसपास एक दिवस दोन ठोकळे स्वतः एकावर एक ठेवेल आणि हात बाजूला घेताना श्वास रोखेल, तो चेहरा बघायला मिळतो तेव्हा फोन शोधायला जाऊ नका, नुसतं बघा. मग आडव्या रांगा, मग पूल, आणि पुलाखालून गाडी. एकच खेळणं चारपाच वर्षं चालतं असं दुसरं मला माहीत नाही. किती घ्यायचे? वीसपंचवीस सुरुवातीला बास, नंतर त्याच मापाचे वाढवा, म्हणून कंपनी लक्षात ठेवा.

एकमेकांत अडकणारे हवे असतील तर ड्युप्लो, म्हणजे लेगो कंपनीचेच लहान मुलांसाठीचे मोठे ठोकळे. १९६९ पासून आहेत, साध्या लेगोच्या ठोकळ्यापेक्षा प्रत्येक बाजूने दुप्पट म्हणजे आकाराने आठपट, आणि गंमत म्हणजे मोठेपणी घेतलेले लहान लेगो त्यावर बसतात, त्यामुळे फुकट जात नाहीत. पहिल्यांदा मोठे सेट घेऊ नका, ज्यात एकच चित्र बनतं ते तर नकोच.

दुसरा नंबर एकात एक बसणारे कप. स्वस्त, हलके, प्रवासात जागा खात नाहीत, रचा, लपवा, अंघोळीत पाणी ओता, वाळूत न्या. तळाला भोकं असलेले मिळाले तर तेच घ्या, पाणी धारेने पडताना बघत पोरं अर्धा तास बसतात. तुम्ही मात्र तिथून हलायचं नाही, टबात चार बोटं पाणी असलं तरी. फोन वाजला तर वाजू दे.

तिसरं पुस्तकं. जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल, पानावर एकदोनच मोठी चित्रं. चावली जाणार हे धरूनच घ्या. तेच तेच पुस्तक परत परत वाचायला लावतात, कंटाळा येतो, पण शब्द त्यातूनच पक्के होतात.

चौथं खोटंखोटं खेळायचं सामान, एक बाहुली नाहीतर टेडी, दोन खेळण्यातली भांडी, एक ओढणी किंवा मोठा रुमाल. दीडदोन वर्षांचं मूल बाहुलीला भरवायला लागतं, झोपवतं, रागावतं (तुमच्याच आवाजात, तयारी ठेवा). खेळण्यातलं किचन घ्यायलाच हवं असं काही नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यावर चार गोल काढले की शेगडी तयार.

खडू जाड घ्या, मुठीत धरता येतील असे. माती किंवा कणकेसारखा डो घरी केला तरी त्यात मीठ भरपूर असतं, खाल्ला तर पोट बिघडण्यापेक्षा जास्त त्रास होऊ शकतो, म्हणून समोर बसूनच.

आकार भोकात टाकायचा डबा, ज्यात गोल चौकोन त्रिकोण असतात, त्याबद्दल एक टीप. बारा आकारांचा घेतला की मूल झाकण काढून सगळे वरून ओततं आणि खेळ संपला. तीनचार आकारांचा घ्या, आणि सुरुवातीला फक्त गोल द्या, बाकी लपवा. गोल कसाही फिरवला तरी जातो म्हणून लगेच जमतो, मग चौकोन, त्रिकोण शेवटी.

बोलणारी, गाणारी, बटण दाबली की इंग्लिश अक्षरं म्हणणारी खेळणी घ्यायची का? माझं उत्तर नाही, आणि ते नुसतं डोक्याला ताप होतो म्हणून नाही. २०१६ मध्ये जामा पेडियाट्रिक्स या बालरोगांवरच्या अमेरिकन नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक, घरी खेळताना रेकॉर्ड केलं, तर इलेक्ट्रॉनिक खेळणं समोर असताना मोठी माणसं कमी बोलली आणि बाळांशी देवाणघेवाणपण कमी झाली, पुस्तक समोर असताना सगळ्यात जास्त बोलणं झालं. अभ्यास छोटा आहे पण कुठल्याही घरात बसून बघा, असंच होतं, खेळणं बोलायला लागलं की आपण गप्प होतो. भेट आलेलंच असेल तर स्पीकरच्या भोकांवर आतून-बाहेरून जाड चिकटपट्टी लावा, आवाज निम्मा होतो. नाहीतर बॅटरी 'संपू' द्या.

पायरी ४: सगळं एकदम बाहेर ठेवू नका

ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची. अमेरिकेतल्या टोलेडो युनिव्हर्सिटीतल्या एका अभ्यासात, २०१८ मध्ये छापलेला, दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिलं. चार असताना एकेका खेळण्याशी ती जास्त वेळ रमली आणि जास्त वेगवेगळ्या प्रकारे खेळली.

करायचं असं. सगळी खेळणी एकदा जमिनीवर ओता, तुटलेली आणि चिकट झालेली बाजूला काढा, उरलेल्यांचे तीन ढीग करा, प्रत्येक ढिगात एक रचायचं, एक खोटंखोटं खेळायचं, एक हालचालीचं आणि दोन पुस्तकं येतील असं बघा. एक ढीग बुटक्या शेल्फवर, मुलाच्या हाताला येईल असा. बाकीचे दोन माळ्यावर, दिसता कामा नयेत. कंटाळलेलं दिसलं की ढीग बदला, तारीखवार वगैरे नको. ज्याच्यावाचून झोप येत नाही ते खेळणं कुठल्याच ढिगात घालू नका आणि शक्य असेल तर त्याचा जुळा आधीच घेऊन, अधूनमधून अदलाबदल करून दोन्ही सारखेच मळवून ठेवा. झाकणाची मोठी पेटी टाळा, झाकण बोटांवर पडतं आणि तळाला गेलेलं खेळणं कुणाला आठवत नाही.

पायरी ५: सामान

गाडी असेल तर कार सीट (गाडीच्या सीटवर बसवायची मुलाची वेगळी, पट्ट्यांची खुर्ची) पहिली, बाकी सगळं नंतर. मूल मागे तोंड करून जितके दिवस बसवता येईल तितके दिवस तसंच बसवा, त्या सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत. आय-साइझ या युरोपियन नियमात किमान १५ महिने मागे तोंड सक्तीचं आहे, पण ते किमान आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची, धडक झाली की मागे तोंड असलेल्या मुलाच्या डोक्याला, मानेला, पाठीला सीटची पूर्ण पाठ आधार देते. 'पाय दुमडतात बिचाऱ्याचे' असं आजी म्हणणारच, पोरं मांडी घालून मजेत बसतात. पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरून बघा, चिमटीत सापडला तर सैल आहे. जाड जॅकेट काढून मग पट्टा, वरून पांघरूण. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे कधीच नाही.

स्ट्रोलर घेताना दुकानात एकच परीक्षा घ्या, एका हातात मूल (किंवा तेवढ्या वजनाची बॅग) आणि दुसऱ्या हाताने घडी. जमलं नाही तर पुढचा दाखवा म्हणा. छत्रीसारखी घडी होणारी हलकी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन नावाच्या विमानाच्या इंजिनिअरने काढली, आणि आजही चालायला लागलेल्या मुलासाठी मला तोच प्रकार पटतो, कारण या वयाचं मूल अर्धा रस्ता चालणार आणि अर्धा रस्ता तुम्ही रिकामी गाडी ढकलणार. हँडलला जड पिशव्या लटकवू नका, मूल उतरलं की गाडी मागे पलटते. उन्हात वरून कापड टाकून बंद करू नका, आत गरम होतं.

वॉकर, म्हणजे ज्यात मधे बसवतात आणि चाकांवर घरभर सुटतात, तो घेऊ नका, कुणी दिला तरी. चालणं त्याने लवकर येत नाही आणि जिन्यावरून, गरम वस्तूंपर्यंत मूल क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली. मागून धरून ढकलायचा पांगुळगाडा वेगळा, तो चालतो, फक्त खाली वजन टाका म्हणजे पुढे निसटणार नाही.

जेवणाच्या उंच खुर्चीत पायाखाली फळी आहे का बघा, ती वरखाली होत असेल तर उत्तम. पाय लोंबकळत असले की मूल चुळबुळ करतं आणि आपण म्हणतो जेवत नाही. पट्टा दोन पायांच्या मधून जाणारा हवाच, नाहीतर खालून घसरतं. कापडाची गादी असलेली खुर्ची मला नको वाटते, धुवून धुवून जीव जातो.

बूट घरात नकोतच, अनवाणी पाय जमीन पकडतात. बाहेरसाठी मऊ तळव्याचे, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, आणि दर दोन महिन्यांनी दाबून बघायचं कारण मूल सांगत नाही. पॉटी आणि बुटका स्टूल हे अठरा महिन्यांनंतर घरात नुसतं येऊन राहू दे, वापर मूल तयार झालं की होतो, कुणाचा दोन वर्षांनी कुणाचा तीन. पॉटीला गाणी नकोत.

दोन वर्षांच्या आसपास पॅडल नसलेली बॅलन्स बाइक. वयावर नाही, पायाच्या आतल्या मापावर घ्या, जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा, सीट त्याहून थोडी खाली यायला हवी म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघे किंचित वाकतात. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, भुवयांच्या वर दोन बोटं. सायकलवरून उतरून घसरगुंडीवर गेलं की हेल्मेट काढायचं, पट्टा कुठे अडकला तर गळा आवळतो.

पायरी ६: जुनं काय घ्यायचं

ठोकळे, पुस्तकं, प्राणी, बॅलन्स बाइक, खुर्ची, हे सगळं वापरलेलं खुशाल घ्या. कार सीट आणि हेल्मेट मात्र ओळखीच्याचं आणि अपघात न झालेलं असेल तरच, सीटच्या खाली बनवल्याची आणि संपायची तारीख असते ती बघा. खूप जुनी रंगवलेली लाकडी खेळणी शोभेला ठेवा, पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि मूल ते चाटणार.

पायरी ७: धुणं

अंघोळीची पाणी उडवणारी रबरी खेळणी आतून काळी होतात. पिळून बघा, काळे कण बाहेर आले तर फेका. भोक नसलेली घ्या म्हणजे प्रश्नच नाही. प्लास्टिक साबणाच्या कोमट पाण्यात, लाकूड ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं (बुडवलं की फुगतं, भेगा पडतात), टेडी उशीच्या खोळीत गाठ मारून मशीनमध्ये. धुताना प्रत्येक टेडीचे डोळे एकदा ओढून बघा, शिवण बघा, चाकं ओढून बघा.

तिसरा वाढदिवस झाला की बारीक तुकड्यांची खेळणी भेट येऊ लागतात आणि थोरल्याला ती देता येतात, पण घरात धाकटं रांगत असेल तर नियम धाकट्याचा. थोरल्याची बारीक खेळणी टेबलावर, झाकणाच्या डब्यात, धाकटं झोपलेलं असताना, आणि उठायच्या आत टेबलाखाली टॉर्च मारून एकदा बघून घ्यायचं.